गाइड असला तरी सराव हवाच

महोदय,

परदेशात गाइडसोबत पावडर स्कीइंगला, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फावर स्कीइंगला, जाणाऱ्यांची ओढ मला मनापासून पटते, मीही त्यांच्यातलीच. पण पैसे भरण्याआधी गाइडचं प्रशिक्षण काय, एका गाइडमागे किती जण, हे विचारायलाच हवं. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमक्या आपल्याला खुणावणाऱ्या!

जपानमधल्या होक्काइदोत आमच्या गाइडने बर्फाचे थर किती पक्के आहेत हे बघायला खड्डा खणला, त्यात बर्फाचा एक खांब मोकळा केला आणि वर फावडं ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून थापा मारल्या. कोपराच्या थापांनीच वरचा थर सर्रकन सरकला. ठरलेला उतार त्याने तिथेच रद्द केला. काही जण कुरकुरले; माझा मात्र त्याच्यावर तेव्हाच विश्वास बसला.

बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं, अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं भाड्याने मिळतं, सराव मिळत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा मोठी असते आणि तेवढ्या वेळात हाताशी फक्त सोबतीच असतात. गाइडच गाडला गेला तर त्याला शोधायचं कुणी? सहलीच्या पहिल्या सकाळी बीकनचा सराव घेत नसतील, तर तिथे जाऊच नका.

— एक स्कीप्रेमी वाचक