कॉफीतलं संत्रं : नैरोबीहून पत्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आई, तू फोनवर विचारलंस, तिकडे कॉफीत लिंबू पिळतात का रे? नाही गं, वरून काहीच घालत नाहीत. इथल्या कॉफीतला आंबटपणा मुळात बीमध्येच असतो. आपल्या संत्र्यातलं सायट्रिक आम्ल कॉफीतही असतं.

माउंट केनियाच्या उतारावर, न्येरी-किरिन्यागा भागात, १५०० मीटरच्याही वर कॉफीच्या बागा आहेत. लाल माती, थंड हवा, त्यामुळे फळ सावकाश पिकतं. एसएल २८ हे इथलं नावाजलेलं वाण, १९३० च्या दशकात स्कॉट लॅबोरेटरीजमध्ये निवडलेलं. साल काढून, चिकट गर आंबवून, धुऊन मग बी वाळवतात, म्हणून चव स्वच्छ उतरते. पण भाजणाऱ्याने वेळेवर हात आवरला नाही तर सगळं वाया. फार भाजलं की ते आम्ल मोडतं आणि कडवटपणा वर येतो.

हिशेबाचं काम आटोपलं की मी ऑफिसातल्या कपिंगला, म्हणजे कॉफी चाखून पारखतात तिथे, जाऊन उभा राहतो. कपात सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, १५० मिली गरम पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून वास घ्यायचा, आणि जरा निवल्यावर चमचाभर जोरात भुरकायची. कोमट झाली की तोंडाला पाणी सुटतं. मग कुणी म्हणतं ग्रेपफ्रूट, कुणी लिंबाची साल. याला ब्राइटनेस म्हणतात आणि त्याची इथे फार कदर आहे. पोत्यावर 'एए' अशी प्रत लिहिलेली असते, ती मात्र दाण्याच्या आकाराची, चवीची नाही.

बाबा, ही पारख तुम्हाला नक्की जमेल. व्यापारी रंग बघून सौदा करतो. तुम्ही संत्र्याची एक फोड तोंडात टाकून सांगता की आंबिया बहाराचं फळ अजून आठ दिवस झाडावर राहू दे. नुसता आंबट तो कच्चा, जोडीला गोडी आली की तयार. कॉफीतही अगदी हेच बघतात. गोडीवाचून आंबटपणा जिभेला टोचतो, गोडी असली की तोच हवाहवासा वाटतो.

वरूडचा एक मुलगा गावी येतोय, त्याच्याजवळ पाव किलो पूड देतोय. १५ ग्रॅमला २५० मिली पाणी, उकळून क्षणभर थांबलेलं. चार मिनिटांनी गाळा. आई, दूध घालू नकोस, त्याने हीच चव झाकली जाते. अर्धी गरम प्या, अर्धी निवू द्या. कोणतं फळ आठवलं ते दोघांनी एकमेकांना न विचारता कळवा.

तुमचा,
बाळू