प्रबंधातला हरवलेला ‘ॲ’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची अक्षरजुळणी करते. गेल्या महिन्यात रसायनशास्त्राचा एक मराठी प्रबंध माझ्याकडे आला. विद्यार्थिनीने तो स्वतःच लाटेकमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा लिहून त्यातून छापील पानं तयार करणाऱ्या प्रणालीत, बसवला होता. छपाईच्या आदल्या संध्याकाळी ‘फक्त एकदा नजर टाका’ म्हणून तिने पीडीएफ पाठवली. दुसऱ्याच पानावर ‘ॲसिड’च्या जागी एक रिकामी चौकट आणि पुढे नुसतं ‘सिड’. ‘ॲल्युमिनियम’, ‘ॲमोनिया’, सगळ्यांची तीच गत. तिने मजकूर तीनदा तपासला होता, पण तो टाइप करायच्या खिडकीत, आणि तिथे अक्षर व्यवस्थित दिसत होतं. परीक्षकांच्या हाती हे पडलं असतं, तर दोष तिच्या मराठीला लागला असता. फॉन्टचा विचार कुणीच केला नसता.

‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीत, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये हे अक्षर सापडत नाही. वर्ड प्रोसेसर अशा वेळी दुसऱ्या फॉन्टातून अक्षर उसनं आणतो, त्यामुळे उणीव झाकली जाते. तिने वापरलेलं झीलाटेक, म्हणजे लाटेकचा युनिकोड फॉन्ट चालवणारा प्रकार, आपणहून तसं करत नाही. लॉग फाइलमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, ‘मिसिंग कॅरॅक्टर’ (अक्षर सापडलं नाही) अशी एक ओळ टाकतं आणि पीडीएफ तयार करून देतं. तिच्या लॉगमध्ये अशा एकशे चौदा ओळी होत्या. पीडीएफ निघाल्यावर लॉग कोण उघडतं?

तिच्या संगणकावर ‘एफसी-लिस्ट’ ही बसवलेल्या फॉन्टांची यादी दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली, तर एकाच नावाचा फॉन्ट दोन ठिकाणी. नवा होताच, पण कुणीतरी कधीकाळी दिलेली जुनी प्रत तिच्या स्वतःच्या फॉन्ट फोल्डरमध्ये पडून होती आणि तीच उचलली जात होती. ती काढली, फॉन्टांची यादी ताजी करणारं ‘एफसी-कॅश’ चालवलं, प्रबंधाची पीडीएफ पुन्हा तयार केली. सगळे ‘ॲ’ जागेवर आले.

पॅकेजांचंही, म्हणजे लाटेकला जोडायच्या पूरक फाइलींच्या संचांचंही, असंच होतं. ‘फाइल नॉट फाउंड’ दिसलं की मुलं इंटरनेटवरून सुटी स्टाइल फाइल (पॅकेजाची मुख्य फाइल) उतरवून प्रबंधाच्या फोल्डरमध्ये टाकतात. लाटेक आधी तिथलीच फाइल वाचतं, त्यामुळे पुढे मूळ पॅकेज कितीही अद्ययावत केलं तरी उपयोग होत नाही. लाटेक आणि त्याची पॅकेजं ज्यातून एकत्र मिळतात, त्या टेक लाइव्हचा नवा संच दरवर्षी येतो. तो आला की जुन्या वर्षाचे अपडेट थांबतात आणि ‘टीएलएमजीआर’ हा त्याचा अपडेट करणारा प्रोग्रॅम पुढे जायला नकार देतो. त्याच्याशी रात्रभर झगडण्यापेक्षा नवा संच बसवून घ्यावा. तो आपल्या वर्षाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो, जुन्याला धक्का लागत नाही.

पण हे सगळं विद्यार्थ्यानेच का निस्तरायचं? विद्यापीठं आणि संशोधन नियतकालिकं जो साचा देतात, त्यात बहुतेकदा एक स्टाइल फाइल असते आणि फॉन्टचं नुसतं नाव. तो साचा कोणत्या वर्षीच्या टेक लाइव्हवर तपासला, झीलाटेकसाठी आहे की लुआलाटेक या लाटेकच्या दुसऱ्या प्रकारासाठी, फॉन्टची आवृत्ती कोणती, हे त्यात लिहिलेलं असावं. नोटो किंवा शोभिका यांसारखे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. साच्याबरोबर फॉन्टची फाइलच द्यावी. नमुन्याच्या पानावर ‘ॲ’, ‘ऑ’ आणि ‘खऱ्या’तला ‘ऱ्य’ छापून दाखवावा, म्हणजे पहिल्याच दिवशी कळेल. आणि साच्यात ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या, न सापडलेल्या अक्षरांची दखल ठरवणाऱ्या सेटिंगची किंमत ३ ठेवावी. टेक लाइव्ह २०२१पासून एवढ्या एका ओळीने अक्षर गळालं की थेट एरर येते. साचे तयार करणाऱ्यांनी पुढच्या प्रवेशांच्या आधी एवढं करावं, अशी कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक अक्षरजुळणीकार