सामानाला जिना, मेंबरला लिफ्ट

संपादक साहेब, नमस्कार.
मी धायरीत राहतो, स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे, घरसामान शिफ्टिंगची भाडी मारतो. पुण्यात भाडेकरार बहुतेक ११ महिन्यांचे, त्यामुळे महिनाअखेर आली की फोन थांबत नाही आणि नंतरचे पंधरा दिवस तो वाजतच नाही. परवा वाकडच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवायचं होतं, वॉचमन म्हणाला लिफ्ट फक्त मेंबरला, सामान जिन्याने न्या. मी आणि हेल्परने दोर बांधून आणलं, चौथ्या मजल्यावर वळवताना त्याचं बोट कठड्यात चेंगरलं, आणि खाली पार्टी विचारते पाचशे जास्त कशाचे? अहो ॲपवर भाडं किलोमीटरवर ठरतं, जिने कोण मोजतंय! त्यातून कमिशन कटतं, वर डिझेल, हप्ता, इन्शुरन्स, पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी आपलंच (तीही गाडीला ८ वर्षं झाली की दरवर्षी). सोसायट्या शिफ्टिंग चार्ज घेतात ना, मग त्यात लिफ्ट धरा की. गेटच्या आत तासभर गाडी लावू द्या, बाहेर लावली की दंड आमच्याच बोडक्यावर. आणि भांडी तरी आधी भरून ठेवत जा राव, निम्मा वेळ त्यातच जातो.

- एक टेम्पोवाला, धायरी