झाकून ठेवलेली इंजिने आणि वीस टक्के इथेनॉल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची चर्चा मोटारी आणि मोटारसायकलींच्या ॲव्हरेजपाशी येऊन थांबते. रोज धावणाऱ्या गाडीची टाकी आठ-पंधरा दिवसांत रिकामी होऊन पुन्हा भरते, त्यामुळे तिथे पेट्रोल शिळे व्हायला वेळच मिळत नाही. अडचण आहे ती वर्षातले दहा महिने कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या इंजिनांची. तळघर उपसणारा दोन इंची पंपसेट, सोसायटीचा किंवा गणेश मंडळाचा जनरेटर, गवत-झुडपे कापणारा ब्रश कटर, बचाव बोटीच्या मागे बाहेरून बसवलेली आउटबोर्ड मोटर. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीने 35 फूट ओलांडले तेव्हा बडोद्याला हीच यंत्रे लागली. ती ऐन वेळी दोरी ओढून ओढून चालू झाली नाहीत, तर दोष बहुधा इंजिनाचा नसतो, टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो.

देशात 10 टक्के मिश्रण 2022 मध्ये गाठले गेले आणि 20 टक्क्यांचे उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आणले गेले. ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना त्यातून पैसा मिळतो, आयात कमी होते. त्याला आमचा विरोध नाही. पण इथेनॉल पाणी ओढते, पेट्रोल ओढत नाही. हा एक फरक लहान इंजिनवाल्याने पक्का लक्षात ठेवावा.

हवेतून येणारे पाणी तसे थोडे असते. जास्त पाणी येते ते पावसात उघडलेल्या टाकीच्या झाकणातून आणि गंजलेल्या कॅनमधून. इथेनॉल ते आपल्यात सामावून घेते, म्हणून सुरुवातीला काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पेट्रोल वर तरंगते. दिवसा तापलेली टाकी रात्री गार झाली की ही मर्यादा आणखी खाली येते. पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते, म्हणजे इंजिनाला आधी तोच थर मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, याहून वाईट होते. ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, खालच्या थरात ते जवळजवळ नसतेच. बहुतेक वेळा इंजिन फटफट करून बंद पडते. चुकून चालत राहिले तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो. 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल (50:1) या प्रमाणाने लिटरला 20 मिलिलिटर ऑइल मोजून घातले असले तरी अशा वेळी ते उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण हवेच्या प्रमाणाची. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. नव्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो. जनरेटरच्या कार्बोरेटरमध्ये (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे भोक ठरलेले असते, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडते. चोक अर्धा ओढूनच इंजिन नीट चालते, आवाज वरखाली होत राहतो आणि प्लग काढला तर टोक पांढरेफटक दिसते. अशा इंजिनात मेन जेट एक नंबर मोठा घालून फरक पडतो, 65 च्या जागी 68 वगैरे. मात्र आधी पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारा छोटा जेट, साफ करून पाहावा. त्याचे भोक सर्वांत बारीक, म्हणून पहिला तोच तुंबतो आणि लक्षणे अगदी तशीच दिसतात.

बंद पडलेल्या जनरेटरचे फ्लोट चेंबर (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) उघडले की तळाशी पांढरट-हिरवट पावडर आणि जेलीसारखा चिकट गोळा दिसतो. इथेनॉल-पाण्याने ॲल्युमिनियम आणि पितळ खाल्ल्याची ती खूण. जेटमध्ये सुई घालू नये, भोक कायमचे मोठे होते. कार्ब क्लीनर फवारावा, हवा मारावी, फारच अडले तर मऊ तांब्याच्या वायरची एकच तार वापरावी. कार्बोरेटरमधला पातळ पडदा, डायफ्राम, कडक झाला असेल तर बदलावाच. रबरी नळी वाकवून पाहावी, बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला काळे लागले तर कापून टाकावी आणि दुकानात इथेनॉल चालणारी नळी मागून घ्यावी. हाताने दाबायचा प्राइमर बल्ब चिकट लागला तर तोही गेला समजा.

हे टाळण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे. यंत्र ठेवायचे तेव्हा टाकीतले पेट्रोल काढून स्कूटरमध्ये घालावे. इंजिन चालू करून पेट्रोल कॉक बंद करावा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. शेवटी चोक ओढला की उरलेलेही जळते. मग फ्लोट चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून तळाशी राहिलेले चमचाभर पेट्रोल बाटलीत घ्यावे. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात, आणि जेट तेवढ्यानेच तुंबतो. लोखंडी टाकी असेल तर आतून थोडे ऑइल फिरवावे, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो. बोटीच्या सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू ठेवताना घट्ट बंद करावा. मोटर आणि टाकीच्या मध्ये पाणी वेगळे करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर असावा. टू-स्ट्रोकचे मिश्रण तर तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त ठेवूच नये.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरीच तपासता येते. 100 मिलिलिटरच्या अरुंद काचेच्या मापात 10 मिलिलिटर पाणी घ्यावे, वर 100 च्या खुणेपर्यंत पेट्रोल (म्हणजे 90 मिलिलिटर) भरावे, बूच लावून हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. खालचा थर 10 वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो 28 च्या आसपास गेला तर वीस टक्के आहे. हे मोकळ्या जागेत, विस्तवापासून लांब करावे आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नये. काहीजण याच पद्धतीने इथेनॉल धुऊन काढून उरलेले पेट्रोल वापरतात. ते करू नये. इथेनॉल गेल्यावर उरलेल्याचे ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता, खाली येते आणि इंजिन ठोकू लागते, आतून ठकठक आवाज येतो. उलट बाजूने, महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेले, असेही गृहीत धरू नये. इथेनॉलचे स्वतःचेच ऑक्टेन जास्त असते. तपासूनच घ्यावे.

अमेरिकेत 15 टक्के मिश्रणाच्या पेट्रोल पंपावर बोटी, मोटारसायकली आणि गवत कापण्याच्या यंत्रांत ते घालू नये अशी पट्टी लावावी लागते. तिथे बोटींसाठी इथेनॉल नसलेले पेट्रोल अनेक ठिकाणी वेगळे मिळते. इथेनॉल आपल्याकडे डेपोत मिसळले जाते, रिफायनरीत नव्हे. कोयलीची रिफायनरी तर शहराच्या वेशीवर आहे. तेव्हा बडोद्यात निदान एका पंपावर लहान इंजिने आणि बचाव बोटींसाठी इथेनॉल नसलेले पेट्रोल कॅनमध्ये मिळण्याची सोय तेल कंपन्यांनी करावी, आणि इतर पंपांवर नोझलशेजारी मिश्रणाचे प्रमाण मराठी व गुजरातीत ठळक लिहावे. पालिकेने मे महिन्याच्या शेवटी बोटींच्या सर्व मोटरांच्या टाक्या रिकाम्या करून, नळ्या आणि फिल्टर बदलून, ताज्या पेट्रोलवर प्रत्येक मोटर पाण्यात वीस मिनिटे चालवून पाहावी आणि त्याची तारखेसह नोंद ठेवावी.

आपले,
लहान इंजिनांची दुरुस्ती करणारे काही वाचक,
दांडिया बाजार, बडोदे