मेगापिक्सल पुरे, बँड सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या मोबाईलच्या पानावर कॅमेरा, मेगापिक्सल अन् एआय एवढंच असते, खेड्यातल्या गॅजेटवेड्या पोट्ट्यांना जे पाह्यजे ते काहून छापत नाही? मले नवीन फोन घ्याचा आहे, स्पेक्स वाचत बसणं हा जुनाच शौक, पण आमच्या वरुडकडं मे महिन्यात पारा ४५ वर जाते, अन् आयफोनवाले सोताच सांगतात का फोन ० ते ३५ अंशात वापरा! कोणताही फोन घ्या, संत्र्याच्या बगिच्यात किडक्या पानाचा फोटो काढाले गेलं का तो तापते, ब्राइटनेस आपोआप उतरते, मंग पान दिसत नाही अन् कीडही नाही. म्हणून उन्हातले निट्स, म्हणजे स्क्रीनचा उजेड, किती ते आधी छापा.

दुसरं म्हणजे बँड, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल पकडते ते. ५जी २०२२ च्या ऑक्टोबरात आलं, त्यात जिओजवळ ७०० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे एन२८ नावाचा बँड, हे सिग्नल लांब जाते अन् भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते, खेड्यात तेच कामाचं. दुकानदाराले एन२८ विचारलं तं तो कव्हर दाखवते.

जुना फोन घेणाऱ्यायले *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, पाहाले अन् सरकारच्या संचार साथी साइटवर तपासाले सांगा, एका चौकटीत बसते.