पारनेरच्या काकांना, तांब्याभर पाण्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोटो सूनबाईंच्या फोनवर पाठवलेत, पोचले असतील. पण खाली नुसतं ‘धन्यवाद’ लिहून मन भरेना, म्हणून हे पत्र. आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड.

मी आपल्या काळ्या खडकाचे फोटो काढते, त्याच्या पोताचे आणि रंगांचे. हे ऐकल्यावर ‘त्यात काढण्यासारखं काय?’ असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. तुम्ही विचारलं नाहीत. विहिरीतून यारीनं वर आलेला दगड ढिगावर पडत होता, तुम्ही हात करून म्हणालात, “बघा की, कुणी नाय म्हणलंय?”

‘नाही’ म्हणणारे मला आधी पुष्कळ भेटले होते. एका खडी क्रशरवर ‘बाईमाणसाचं इथं काय काम’ म्हणून फाटक लावून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी फोनवर या म्हणाले आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर उन्हात उभं ठेवलं. खडक दाखवतो म्हणून पूर्ण पैसे घेतलेल्या एका सहलवाल्यानं आम्हाला कड्यावर रांगेत उभं करून सूर्यास्त दाखवला. नावं घेत नाही, पण हे सांगितल्याशिवाय तुमचं मोल कुणाला कळायचं नाही.

मला ताजा फुटलेला दगड हवा होता. वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेला खडक बाहेरून तपकिरी पडतो, खरे रंग आत राहतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. प्रत्येक थर निवताना आतल्या वायूचे बुडबुडे वर चढले आणि तिथेच अडकले. त्या पोकळ्यांमधून पुढे खनिजांनी भरलेलं पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक धरले. तुमच्या ढिगात ते सगळं होतं: मोराच्या पिसाऱ्यासारखा उलगडलेला फिकट गुलाबी स्टिल्बाइट, काचेसारखा अपोफिलाइट, आणि कित्येक भोकांना आतून सेलॅडोनाइटचं गडद हिरवं अस्तर. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्यासाठी जी हिरवी माती वापरली, ती याच गोत्रातली. पण सुरुंगाच्या धुळीनं सगळं राखाडी झालं होतं. कॅमेऱ्यात नुसता सिमेंटचा ढीग दिसत होता.

तेव्हा तुम्ही बाजेजवळचा तांब्या उचलून आणलात. “थांबा ताई, वलं केल्याबिगर काय दिसायचं नाय.” आधी खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकानं धूळ पुसलीत, मग वरच्या कडेवरून बारीक धार धरलीत. पाणी जिथून जिथून उतरलं तिथे राखाडीचा जांभळट काळा झाला, भोकांच्या कडा हिरव्या झाल्या, मधे विटकरी ठिपके उमटले. कोरडा, खडबडीत दगड उजेड चहूकडे उधळतो, म्हणून पांढुरका दिसतो. पाण्याची पातळ साय चढली की तो खडबडीतपणा झाकला जातो आणि आतला रंग वर येतो.

हे मला ठाऊक होतं, काका. पण ज्या वस्तीवर टँकरचं पाणी पिंपात मोजून वापरतात, जिथे पाण्यासाठीच विहीर खणली जातेय आणि अजून ओलसुद्धा लागलेली नाही, तिथे दगडावर ओतायला पाणी मागायची माझी जीभ रेटली नसती. तुम्ही मागायची वेळच येऊ दिली नाहीत. उन्हानं दगड कडेकडेनं पांढरा पडायला लागला की मी कॅमेऱ्यातून डोकं वर काढायच्या आत पुन्हा धार पडायची. तांब्या रिकामा झाला तेव्हा काकूंनी काही न बोलता तो भरून ठेवला.

हे लिहितानाही डोळे भरून येताहेत. परवानगी दिली की मदत झाली असं आपण समजतो. पण समोरच्याचं काम काय आहे, त्यात त्याचं कुठे अडतंय, हे दोन मिनिटं उभं राहून बघणारी माणसं फार थोडी. अशा माणसाला समोरच्याच्या कामाचा उपयोग पटावाच लागतो असं नाही. तुम्हाला त्या फोटोंचं काय करणार, हेही शेवटी निघताना विचारावंसं वाटलं, तेसुद्धा चहा झाल्यावर.

ढिगातला तो मोठा स्टिल्बाइटचा दगड तुम्ही गाडीत घालून देत होतात, मी घेतला नाही. तो तुमच्या रानातला आहे, नातवंडांना दाखवा. हवेतर धुऊन ओट्यावर ठेवा.

आता एक विनंती. विहिरीत मधोमध जो तांबडा पट्टा लागलाय, तो दोन लाव्हांच्या मधल्या काळात कुजून माती झालेला थर आहे. त्याच्या खाली जुन्या लाव्हाचा माथा असतो, बुडबुड्यांच्या भोकांचा. अशा सच्छिद्र खडकात पाणी धरलेलं असण्याची आशा जास्त, तेव्हा धीर सोडू नका. वरून ऊन थेट आत उतरतं त्या वेळी मला तो पट्टा टिपायचा आहे, आणि एकदा बांधकाम झालं की तो कायमचा झाकला जाईल. कठड्याचं काम धरण्याआधी फोन करा. येताना पाण्याचे जार मी घेऊन येईन.

काकूंना आणि यारीवरच्या मंडळींना नमस्कार सांगा.

तुमची,
फोटोवाली ताई