पिपचे हात

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अभिजात कादंबऱ्यांतले बालपण नेहमी कुणाच्या तरी मृत्यूने किंवा अन्यायानेच का संपते आणि लेखकांना दुसरे काही सुचत नाही का, असे तू विचारले आहेस. निबंधाला हा प्रश्न चांगला आहे, पण मला तो अर्धाच पटतो. मृत्यू आणि अन्याय ठसठशीत असतात म्हणून वाचकाच्या लक्षात राहतात. मला वाटते, मुलाची निरागसता जाते ती दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे पाहायला शिकल्यावर, आणि त्याला एखादा क्षुल्लक प्रसंगही पुरतो.

डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) ही कादंबरी घे. पिप हा बहिणीच्या घरी, तिच्या लोहार नवऱ्याच्या, म्हणजे ज्योच्या मायेखाली वाढणारा पोरका मुलगा आहे. पहिल्याच प्रकरणात पळालेला कैदी त्याला दफनभूमीत गाठतो, काळीज काढण्याची धमकी देतो, आणि त्या धाकाने पिप घरातून खाणे आणि कानस चोरतो. एवढे होऊनही त्याचे बालपण शाबूत राहते. ते जाते मिस हॅविशॅम या श्रीमंत, विक्षिप्त बाईच्या अंधाऱ्या वाड्यात, पत्ते खेळताना. त्याच्याच वयाची एस्टेला त्याच्या राठ हातांना आणि जाडजूड बुटांना नावे ठेवते, बस, इतकेच. नंतर अंगणात एकटा असताना तो ते हात आणि बूट निरखतो. आजवर त्यांच्याविषयी त्याला काहीच वाटले नव्हते, आता मात्र ते सलू लागतात, आणि ज्यो जरा सुसंस्कृत घरात वाढला असता तर आपणही तसे झालो असतो, असा विचार त्याच्या मनात येतो. मारहाण नाही, रक्त नाही. पण यानंतरचा पिप पूर्वीसारखा ज्योशेजारी बसू शकत नाही.

पुढे कुणा अज्ञात हितचिंतकाच्या पैशावर पिप लंडनमध्ये सभ्य गृहस्थ होऊ लागतो आणि ज्यो त्याला भेटायला येतो, ते सत्ताविसावे प्रकरण सावकाश वाच. पैसे देऊन त्याचे येणे टाळता आले असते तर आपण ते नक्की दिले असते, असे पिप स्वतःच सांगतो. ज्यो अंगाला न शोभणाऱ्या ठेवणीतल्या कपड्यांत आला आहे, लहानपणापासून वाढवलेल्या पोराला मध्येच ‘सर’ म्हणतो आहे, आणि शेकोटीवरच्या फळीच्या टोकाला ठेवलेली त्याची टोपी पुन्हा पुन्हा खाली पडते आहे. प्रसंग विनोदी आहे आणि म्हणूनच असह्य आहे.

हे डिकन्सला ठाऊक होते, कारण ते त्याने भोगले होते. १८२४ साली, बारा वर्षांचा असताना, वडील कर्जापायी तुरुंगात असताना, तो बूट-पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले लावत होता. वडिलांनी पुढे त्याला तिथून काढले, तरी त्याला परत पाठवावे असा आईचा आग्रह होता, आणि ते आपण कधीही विसरणार नाही असे त्याने लिहून ठेवले. हयातभर ही हकिकत त्याने जवळजवळ कुणालाच सांगितली नाही. त्याच्या मृत्यूनंतर मित्राने लिहिलेल्या चरित्रातून ती लोकांना कळली. पालक म्हणून मला त्या कारखान्यापेक्षा आईच्या आग्रहाची भीती अधिक वाटते.

तुझे म्हणणे हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ला (१९६०) लागू पडते, हे मान्य. टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णीयाला कोर्टाने दोषी ठरवल्यावर, त्याच्या वकिलाचा मुलगा जेम रडतो, कारण आपल्या गावचे लोक जगात सर्वांत चांगले आहेत असे तो धरून चालला होता. मात्र त्याला दुसऱ्यांचे कळले. पिपला स्वतःचे कळते. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले एकमेकांच्या जिवावर उठतात त्या गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’वर (१९५४) तू फार जागा खर्च करू नयेस. तिथे निरागसता संपल्याचे लेखक शेवटी उघडच सांगतो, आणि एवढे सांगितलेले मला आवडत नाही. शेवटी मुलांना सोडवायला येणारा त्यातला नौदल अधिकारी मात्र सोडू नकोस. मुलांच्या रानटीपणाने तो चकित होतो, पण त्याची स्वतःची युद्धनौका मागे उभी असते.

मार्क ट्वेनच्या कादंबरीतला हक फिन (१८८४) पिपच्या नेमका उलट आहे. पळालेल्या गुलामाला, जिमला, मदत करणे हे पाप आहे असे त्याला सगळ्यांनी शिकवलेले असते, आणि ते त्याला खरेही वाटते. तो जिमचा ठावठिकाणा कळवणारी चिठ्ठी लिहितो आणि नरकात गेलो तरी चालेल म्हणून फाडून टाकतो. समाजाच्या नजरेने पाहणे त्याला जमत नाही, म्हणूनच तो जिमची साथ सोडत नाही.

आता प्रेमचंदांची ‘ईदगाह’. ती गोड कथा म्हणून शाळेत शिकवली जाते, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. चार-पाच वर्षांचा हमीद तीन पैसे घेऊन जत्रेला जातो, खेळणी आणि मिठाई सोडून आजीचे हात तव्यावर भाजतात म्हणून चिमटा आणतो, आणि आजी लहान मुलीसारखी रडते. मुलगा म्हातारा झाला आणि म्हातारी मूल झाली, असे प्रेमचंद जवळपास त्याच शब्दांत लिहितात. त्या वयात खर्चाचा हिशोब करावा लागणे मला बेटावरच्या रक्तपातापेक्षा भयंकर वाटते. शिवाय निरागसता गमावल्याचे हमीदला पुढेही कळेल की नाही कोण जाणे. पिपची गोष्ट मोठा झालेला पिपच सांगतो, म्हणून त्याचे काय गेले ते तोच मोजू शकतो. हमीदचा हिशोब कथाकाराला करावा लागतो.

निबंधाची सुरुवात पिपच्या आठव्या प्रकरणाने कर, आणि हमीदला सरळ त्याच्या शेजारी ठेव; इतर तिघे-चौघे एखाद्या परिच्छेदात मावतील. ‘ईदगाह’बद्दल तुला माझे पटणार नाही, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर विरोधातले मुद्दे पुढच्या पत्रात सविस्तर लिही.

तुझा,
बाबा